घराघरानं बसलेला वर्ग

मेढ्याकडच्या डोंगरातलं एक गाव धरणात गेलं आणि गावची माणसं कवठे महांकाळजवळच्या माळावर आली. तिथं धरणग्रस्तांची संघटना आणि समाजकल्याण खातं मिळून बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवतात. शिकवायला मी जाते.

सतरंजी अंथरायचं काम त्या बायकांतल्याच एका मावशींचं. पहिल्या दिवशी मी बायकांच्या जागा बदलायला गेले, तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं म्याडम, गावात जसं घराला घर लागून हुतं, तसंच आमी बसलोय. मोडू नगा." एखादी आली नाही की तिची जागा रिकामीच ठेवायच्या आणि सांगायच्या, "आज त्या घराला कुलूप हाय." इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या नाहीत. काही विचारलं की पदर सारखा करत खिडकीबाहेर बघायच्या.

परवा शेजारच्या गावची एक बाई पाटी घेऊन दारात घुटमळली. त्याच गावानं या वसाहतीला विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. सगळ्या बायकांनी माना फिरवल्या. तिला आत बोलवायचं धाडस मलाही झालं नाही.

मावशी सरकून बसल्या, शेजारची जागा हातानं झटकली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कम. सिट. माय हाऊस."