सारवलेलं आखर

माझं माहेर शेगावचं. वडलांचं देवळाच्या वाटेवर फुटाण्या-बत्ताशांचं दुकान, त्यामुळे दाराशी सदा माणसांची वर्दळ. लग्न होऊन सासरी आले, दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं, तर समोर ढोरंच ढोरं. गाई, म्हशी, गोऱ्हे, आणि त्यांच्यामधून काठी फिरवत शिव्या देणारा गायकी, म्हणजे गुराखी. वास असा की मी पदर नाकाला लावला तो कितीतरी दिवस काढला नाही. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं म्हणे, "शेगावची रानी आनली आपुन. शेनाचा वास येते तिले." मी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. ही फारसं मनात ठेवत नाही असं माझ्याबद्दल लोक म्हणतात, ते खरं नाही.

आमच्याकडे त्या जागेला आखर म्हणतात. गल्ली जिथं संपते आणि भाजीपाल्याचे मळे सुरू होतात, त्याच्या मधलं मोकळं रान. सकाळी सगळ्या घरची ढोरं तिथं गोळा व्हायची, मग गायकी त्यांना चारायला न्यायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा. मधल्या वेळात तिथं मिरच्या वाळत, मुगाच्या शेंगा कुटल्या जात. पोळ्याचं तोरण तिथंच बांधलं जाई आणि लग्नाचा मांडव घरापुढे मावला नाही तर तोही तिथंच पडे. कागदावर ती जागा नगरपालिकेची होती. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आठवायची कधी गरज पडली नव्हती.

आखराच्या कडेला, आमच्या मागच्या दारासमोर, मोठीमायचं छप्पर होतं. नात्यानं ती माझी चुलत सासू, पण सगळी गल्लीच तिला मोठीमाय म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती आपल्या घरी नांदत होती. मोठीमाय राहायची आमच्या शेजारच्या खोलीत, पण तिचा खरा संसार आखरावर. तुराट्यांचं छप्पर, त्याखाली तीन म्हशी, बाजूला गोवऱ्यांचा हा मोठा ढीग. स्टेशनापासून बाजारापर्यंत तिचं दूध जायचं. दूध चांगलं आणि तोंड तिखट. कुण्या मास्तरीणबाईनं दूध पातळ लागतं म्हणून कुरकुर केली, तर "चहात पानी कमी टाकत जाय" असं सांगून ती पुढच्या दाराला लागायची.

जानेफळला तिचा भाऊ होता, खाऊनपिऊन सुखी. दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, बाई, पुरे झालं आता, चाल माझ्यासंगं. तो गेला की ती मला सांगायची, "भाऊ सोन्यासारखा हाये माहा. पन तिथं गेली तं घोटभर चहा प्यायचा असन तरी वहिनीच्या तोंडाकडं पाहावं लागन. इथं म्या कोनाच्या तोंडाकडं पाह्यत नाही. माह्या म्हशीच माह्या तोंडाकडं पाह्यतात." तीन म्हशी आणि त्यांना उभं राहायला जागा, एवढ्यावर ती बाई कुणाची मिंधी न होता जगत होती. हे मला हळूहळू कळलं, आणि कळलं तेव्हा नाकाचा पदरही खाली आला.

महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती. जिकडेतिकडे नवीन कचेऱ्या, नवीन शाळा, नवीन नोकरदार, आणि त्यांना राहायला घरं नाहीत. एके दिवशी काही माणसं साखळी आणि लाल झेंड्या घेऊन आखरावर आली आणि मोजायला लागली. मोठीमायच्या म्हशीनं एक झेंडी चघळली, त्यावरून तिची आणि मोजणीदाराची चांगलीच जुंपली. त्या भांडणात गल्लीला पहिल्यांदा समजलं, की इथं नोकरदारांची कॉलनी होणार. पक्की घरं, रस्ते, नळ.

संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर जमले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गल्लीतले कर्ते गृहस्थ. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि चार बुकं शिकलेला होता, म्हणून त्याला वेगळं बोलायची सवय. तो म्हणाला, "कॉलनी झाली तं आपल्याकडंही नळ येईन. बाया हिरीवर किती दिवस जातीन?" विहिरीवर जाणाऱ्या बायांत मी एक होते, तेव्हा मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. पण मामंजींनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. "नळाले म्हशी बांधू काय बे?"

सगळे हसले, मोठीमाय सोडून. ती खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "आखर गेलं तं माह्या म्हशी जातीन. म्हशी गेल्या तं म्या जानेफळले जाईन. एवढंच सांगून राह्यली म्या. बाकी तुमी समदे शायने." त्यानंतर कुणी हसलं नाही, नवराही नाही. हरकत घ्यायची असं ठरलं.

मामंजी दोघाचौघांना घेऊन नगरपालिकेत गेले आणि मोठ्या खुशीत परत आले. जिल्ह्याहून साहेब स्वतः जागा बघायला येणार होते. जागा लोकांच्या खरोखर वापरात असली तर कॉलनीसाठी दुसरीकडे बघू, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. "येऊ द्या साहेबाले," मामंजी म्हणाले. "आपल्या डोयानं पाहीन तं त्याले समजन."

यापुढे जे झालं ते आठवलं, की हसावं की कपाळ बडवून घ्यावं हे मला अजून कळत नाही.

आमच्या गल्लीची एक रीत होती. कुणाच्याही घरी मानाचा पाहुणा येणार असला की ते सगळ्या गल्लीचं काम. ज्याच्या घरी पाहुणा त्यानं स्वयंपाक बघायचा, बाकीच्यांनी गल्ली झाडायची, सडे टाकायचे, उकिरडे हलवायचे, दाराशी बांधलेलं जनावर मागे न्यायचं. पाहुण्याच्या नजरेला शेणाचा पो पडता कामा नये. माझं लग्न ठरायच्या आधी माहेरची माणसं घर बघायला आली, तेव्हाही हेच झालं होतं. म्हणून तर माझ्या वडलांना आखराचा पत्ता लागला नाही.

आता साहेब येणार म्हणजे पाहुणाच, आणि तोही जिल्ह्याचा. आदल्या दिवशी सकाळपासून गल्ली कामाला लागली. बैलगाड्या जुंपून शेणखत मळ्यात नेऊन टाकलं. अर्धवट वाळलेल्या मिरच्या गोळा केल्या. खुंटे उपटले, गव्हाणी उचलल्या, खड्डे बुजवले. मामंजींनी गायकीला बजावलं, "उद्या ढोरं पहाटीच घेऊन जाय. साहेबाच्या अंगावर एखांदी म्हैस गेली तं आपली काय इज्जत राह्यली?" नळाची बाजू घेणारा माझा नवरासुद्धा बाजारातून रांगोळीचे रंग घेऊन आला.

सगळ्यांत जास्त राबली मोठीमाय. "हे फाटकं छप्पर साहेबाले काय दाखवाचं," म्हणून तिनं ते स्वतःच्या हातानं उतरवलं. तुराट्या बांधून आमच्या अंगणात उभ्या केल्या. गोवऱ्या टोपल्याटोपल्यांनी डोक्यावरून वाहिल्या. म्हशी आमच्या मळ्यात नेऊन बांधल्या. मग चारजणींना हाताशी घेऊन तिनं जीपगाडी उभी राहील तिथपासून छपराच्या जागेपर्यंत आखर सारवून काढलं. मी शेगावला देवळापाशी पाहिली होती तशी कमळांची मोठी रांगोळी घातली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सासूबाईंनी मला चांगलं म्हटलं. संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी मागच्या ओट्यावर बसून आखराकडे बघत होतो. ते इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. मोठीमाय म्हणाली, "पाहीन आता साहेब. म्हनीन, कशी ठेवली बायाईनं जागा."

कुणालाच त्यात काही खटकलं नाही. शिकलेल्याला नाही, अडाण्याला नाही आणि मलाही नाही.

साहेब आले ते सभ्य माणूस निघाले. जीपमधून उतरल्यावर रांगोळी चुकवून, कडेकडेनं चालत आले, तेवढ्यावरच ते मला आवडले. त्यांना खाटेवर गादी टाकून बसवलं. आधी जागा बघू म्हणाले, तर मामंजी म्हणाले, "जेवाची येळ हाये, साहेब. उपाशी पोटी काय जागा पाह्यता?" मग रोडगे, वांग्याची भाजी, लसणाची चटणी, आणि मोठीमायच्या म्हशीचं दही. रोडगे तिनंच आपल्या गोवऱ्यांच्या जाळात भाजले होते. साहेबांनी नको नको म्हणत चांगलं जेवण केलं. हात धुतले, रुमालाला पुसले आणि आखराकडे वळले.

"जनावरं इथं उभी राहतात म्हणता?"

"हाव साहेब. अख्खं आखर भरून जाते."

साहेबांनी पाहिलं. आम्हीही पाहिलं. सारवलेली जमीन, रांगोळी, पलीकडे मळे. एक शेळीसुद्धा नाही.

"पण खुंटे, गव्हाणी, काहीच दिसत नाही?"

"समदं साफ करून टाकलं, साहेब," मामंजी म्हणाले, आणि ते अभिमानानं म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. कुणीतरी त्यांना दूधवाल्या बाईबद्दल सांगितलं असावं, कारण त्यांनी विचारलं, त्या कोण? बायांनी मोठीमायला पुढे केलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काही म्हणणं आहे?"

सगळ्या गावाला तोंडावर ऐकवणारी ती बाई, डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली. मी मनात म्हणत होते, बोल, आता बोल. ती म्हणाली, "आमचं काय म्हननं, साहेब. तुमी आले, चार घास खाल्ले, लय झालं. रोडगे नीट भाजले व्हते ना?"

साहेब म्हणाले, फार छान. मामंजीही पुढे काही बोलले नाहीत. आपल्या घरी जेवलेल्या माणसाशी त्याचे हात वाळायच्या आत वाद घालायचा, हे आमच्या गल्लीत कुणी कधी केलं नव्हतं. जीपमध्ये बसता बसता साहेब म्हणाले, "इतकी स्वच्छ जागा मी या भागात कुठं पाहिली नाही." त्यांना मलकापूरहून मेलगाडी धरायची होती, ती आमच्या स्टेशनावर थांबत नसे. ते गेल्यावर सगळी गल्ली खुशीत होती. मामंजी तर आता काही काळजी नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल समजला. मामंजी नगरपालिकेतून आले आणि टोपी काढून ओट्यावर बसले. जागा मोकळी, सपाट आणि स्वच्छ आहे, कुणाच्या कायम वापरात नाही, असं साहेबांचं मत पडलं होतं. "मोकळी, सपाट आन् स्वच्छ," मामंजी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

मोठीमाय दुधाची भांडी घासत होती. मला वाटलं आता ती तोंड सोडेल, आणि खरं सांगते, तिनं ते सोडावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "खोटं काय सांगतलं त्यानं? दाखवलं ते पाह्यलं." आणि पुन्हा घासायला लागली. मला तिचा भयंकर राग आला. मामंजींना बोलायचं, मला बोलायचं, साहेबाच्या नावानं खडे फोडायचे. तिचा तो समजूतदारपणा आम्हाला तिच्या शिव्यांपेक्षा जड गेला.

मामंजींनी पुन्हा खेटे घातले. आता काही होणार नाही असं उत्तर मिळालं. म्हशी आमच्या अंगणात बांधायचं ठरवलं, तर एक बांधल्यावर दुसरीला वळायला जागा नाही. आमचा मळा आखराला लागून नव्हता, गावापासून लांब, तिथं धारा काढून वेळेवर दूध पोचवायला तिचे पाय पहिल्यासारखे चालत नव्हते. एक म्हैस मलकापूरच्या बाजारात गेली, उरलेल्या दोन एका दूधवाल्यानं दारातून सोडून नेल्या. त्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही.

भाऊ न्यायला आला. खरंच भला माणूस, बहिणीची पेटी त्यानं स्वतः उचलली. सगळी गल्ली यष्टीपर्यंत गेली, मामंजी मात्र घरातून हलले नाहीत. कुणालाही निरोप द्यायला पुढे उभा राहणारा माणूस आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मोठीमायला ते समजलं. मला म्हणाली, "तुह्या सासऱ्याले सांगजो, मनाले लावून घेऊ नोको म्हना. आपुन पाहुन्यासाठीच केलं ना समदं." तो निरोप मी मामंजींना दिला, आणि दिला नसता तर बरं झालं असतं असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

कॉलनी झाली. तिला नावं ठेवायची तर माझ्याकडे फारसं काही नाही. तिच्या मागोमाग आमच्या गल्लीत नळ आला, खांबावर दिवा आला, माझी विहिरीवरची फेरी सुटली. राहायला आलेली माणसंही चांगली होती. आमच्या मागच्या दारासमोर, मोठीमायच्या छपराच्या जागी जे घर उभं राहिलं, त्यात अकोल्याकडचं एक तरुण जोडपं आलं. सामान लागलं नसेल तोच ती बाई हातात चरवी घेऊन माझ्या दाराशी उभी.

"वहिनी, घरात लहान लेकरू आहे हो. इथं जवळपास कोणी म्हशीचं चांगलं दूध घालतं का?"

मी म्हटलं, एक बाई घालायची.

"कुठं असते ती? मीच जाऊन विचारून येते."

मी तिच्या नव्या घराकडे बोट केलं. ती वळली आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत, मी पुढे काही सांगेन म्हणून थांबून राहिली.