पासवर्ड बरोबर होता

लग्न होऊन काही महिनेच झाले होते. गोंदियाच्या मुख्य कार्यालयातून मी अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात बदली करून घेतली होती, कारण सासर तिथलं. आमच्या शिक्षणसंस्थेची जिल्ह्यात तीन-चार कॉलेजं होती आणि सगळ्यांची हजेरी, गुण, प्रवेशपत्रं गोंदियातल्या एका सर्व्हरवर असत. तो सर्व्हर मी आणि माझ्या एका सहकाऱ्यानं मिळून उभा केला होता. तेव्हा मी दवनीवाड्याहून, म्हणजे माहेराहून, रोज बसनं ये-जा करायची. अर्जुनीत गेल्यावरही तो लांबून मीच सांभाळायचा, असं ठरलं. कॉम्प्युटरवर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायची, सर्व्हरचा पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा आणि इथं बसून तिथलं काम करायचं.

त्या वर्षी संस्थेनं नवी सोय आणली. सकाळी आपल्या कॉम्प्युटरवर कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड एकदा टाकला की झालं. मेल, रजेचा अर्ज, सर्व्हर, सगळं पुन्हा न विचारता उघडणार. पहिल्या दिवशी मेल उघडली, रजेचा अर्ज उघडला. सर्व्हरनं मात्र पासवर्ड मागितला.

मी दिला. त्या खिडकीत पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, त्यामुळे बोट चुकलं असेल असं वाटलं. पुन्हा दिला. परवानगी नाकारली. एकेक कळ बघून दाबली. तरी तेच.

गोंदियाला फोन लावला. सहकारी तिथंच सर्व्हरच्या खोलीत बसायचा.

"मॅडम, कॅप्स लॉक तर चालू नाही ना?"

"नाही."

"मग पासवर्ड गलत डालून राहिल्या तुम्ही. बाकी सगळ्यांचं होऊन राहिलं."

त्यानं मला नवा पासवर्ड करून दिला. त्या पासवर्डानं मेल उघडली, सर्व्हर उघडला नाही. जुना टाकून पाहिला, तोही नाही. मग मी प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले. त्यांच्या क्रमांकानं सर्व्हर एका झटक्यात उघडला. त्याच खुर्चीत, त्याच कॉम्प्युटरवर माझ्या क्रमांकानं अडला. म्हणजे कॉम्प्युटर ठीक होता, लाइन ठीक होती. राहिले मी.

प्राचार्य समजुतीनं म्हणाले, "नवीन संसार आहे. विसरतं माणूस."

मी विसरले नव्हते. पण आठवडाभर असं चाललं की माणसाला आपल्याच डोक्याची खात्री राहत नाही. स्वयंपाक करताना मी पासवर्ड मनात म्हणायची. एकदा ओठ हलताना सासूबाईंनी पाहिलं.

"काय पुटपुटून राहिली वो?"

"सर्व्हर आत घेत नाही मला."

"काऊन? तूच त बनवला होता म्हणे."

प्रात्यक्षिकांचे गुण चढवायचे होते, त्याशिवाय मुलांची प्रवेशपत्रं निघत नव्हती. मुलं रोज दाराशी येऊन विचारून जात. मी त्यांना उद्या या म्हणायची.

रविवारी दवनीवाड्याला गेले. तिथं माझा जुना लॅपटॉप होता, तो आता धाकटी बहीण वापरायची. सहज म्हणून इंटरनेटचं डोंगल लावलं आणि सर्व्हरची काळी खिडकी उघडली. नवा पासवर्ड दिला, नाकारला. काही विचार न करता जुना दिला, आणि सर्व्हर उघडला.

आई चहा ठेवून गेली, तो निवला. जो पासवर्ड अर्जुनीत चालत नव्हता, तो दवनीवाड्यात कसा चालला? बंद करून पुन्हा पाहिलं. पुन्हा उघडला. लाइनचाच दोष असणार, असं मी ठरवलं. गावागणिक पासवर्ड बदलत नाहीत हे मला कळत होतं, तरी दुसरं काही सुचत नव्हतं. जवळ होत्या त्या याद्यांतले गुण त्याच बैठकीत चढवले, पण बाकीच्या याद्या कॉलेजातच होत्या.

सोमवारी लॅपटॉप बरोबर घेऊनच अर्जुनीत आले. कॉलेजात तो माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला, लॅपटॉपला कॉलेजचीच लाइन जोडली. लॅपटॉपवर उघडला, कॉम्प्युटरवर नाही. म्हणजे लाइनही नाही. मी पुन्हा फोन लावला.

सहकारी म्हणाला, "मॅडम, एक काम करा. पासवर्ड मागताना वर जे लिहून येतं ना, ते मला वाचून दाखवा. अक्षर-अक्षर."

"तेच येतं. माझं नाव, मग सर्व्हरचं नाव."

"तरी वाचा ना."

मी कॉम्प्युटरवरचं वाचलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव. मग लॅपटॉपवरचं वाचू लागले आणि आडनावाच्या पहिल्याच अक्षरावर थांबले. लॅपटॉपवर माहेरचं होतं, कॉम्प्युटरवर सासरचं. दोन्ही नावं माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन्ही माझीच, म्हणून दोन्ही बरोबर वाटली होती.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. लग्नानंतर मी कार्यालयात नाव बदलायचा अर्ज दिला होता. तो मंजूर झाला आणि मुख्य यादीत माझं नाव बदललं. मी रोज क्रमांकानं आत शिरत होते, त्यामुळे ते माझ्या कधी लक्षात आलं नाही. नवी व्यवस्था सर्व्हरला सासरचं नाव सांगत होती आणि सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत अजून माहेरचंच होतं, जुन्या पासवर्डासकट. लॅपटॉपवर लग्नाआधीचंच नाव साठवलेलं होतं, म्हणून त्यावरून उघडत होता. सासरच्या नावाची बाई सर्व्हरला ठाऊकच नव्हती. नसलेल्या माणसाचा पासवर्ड बरोबर कसा येणार?

सहकारी हसला. "आता सांगा, काय करू? सर्व्हरवर नवं नाव टाकू, की जुनंच ठेवू आणि नव्याला त्याच्याशी जोडून देऊ?"

एरवी अशा कामात मी चटकन सांगते. त्या दिवशी मात्र "संध्याकाळी सांगते," म्हटलं.

घरी यांना विचारलं. ते म्हणाले, "तुह्या कामातलं मले काय समजते? तुले सोपं पडते ते कर."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "कागदावर आमचं नाव लागलं ना? मंग मशीनले काय करायचं आहे?"

त्या रागावून म्हणाल्या की सहज, ते मला आजही नीट कळलेलं नाही. उत्तर मात्र मला सोयीचं झालं. मी फोन करून जुनंच ठेवायला सांगितलं. कारण दिलं की सगळ्या फाइली त्या नावावर आहेत, उगाच बदलायला नको. ते खोटं नव्हतं. पण फाइली नव्या नावावर करायला एकाच ओळीची आज्ञा लागते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो नुसतं "ठीक आहे मॅडम" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर काहीही न विचारता उघडला. उरलेले गुण चढवले, दुपारपर्यंत प्रवेशपत्रं छापली. मुलं दारात गर्दी करून आपापलं नाव शोधत होती. प्राचार्य आत डोकावले.

"आठवला ना शेवटी पासवर्ड?"

"विसरले नव्हते, सर. सर्व्हरवर माझं नाव वेगळं होतं."

"वेगळं म्हणजे?"

मी सांगायला लागले. यादी, क्रमांक, अर्ज, दोन आडनावं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, "हो, हो, होतं असं," म्हणाले आणि बाहेर जाऊन शिपायाला सांगितलं की मॅडमला पासवर्ड आठवला. मी पुन्हा समजावायला उठणार होते. पण नेमकी सुरुवात कुठून करायची ते माझंच ठरेना, आणि दारातली मुलं थांबली होती.