ताईंच्या पत्त्यावरचे एकेचाळीस

एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या ताईंचं त्या दिवशी कशातच लक्ष लागेना. बसल्या की उठायच्या, आणि उठल्या की कशाला उठलो तेच विसरायच्या. समोरच्या भिंतीवर शहराचा नकाशा लागला होता आणि त्यातला सगळ्यात मोठा लाल गोल बरोब्बर त्यांच्याच गल्लीवर बसला होता.

आरोग्य खात्यातून आलेला आकडेवारीवाला भलताच खुशीत होता. "रुग्ण कुठे दाट आहेत ते गणितानं काढलंय, ताई. आता तिथली गरिबी, शिक्षण, कामधंदा सगळं ताडून बघायचं. नवं औषध केंद्रही तिथंच!"

"अहो, तिथं मास्तर नि कारकून राहतात!"

"तेच तर कोडं आहे."

कोडं कसलं डोंबलाचं! नऊ वर्षं शहराच्या टोकाच्या खाणीवरची माणसं दोन बस बदलून ताईंकडे येत होती, कारण जवळच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटायची भीती. पत्ता विचारला की रडकुंडीला यायची. "घरी पत्र आलं तर मेलोच," म्हणायची. मग ताई स्वतःचाच पत्ता लिहून मोकळ्या व्हायच्या. असे चाळीस जण झाले. एकेचाळिसावा त्यांचा धाकटा भाऊ. तो मात्र खरंच त्या घरात राहायचा, आणि त्याच्या आजाराचं ताईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

गप्प बसावं तर केंद्र गल्लीत येणार आणि खाणीवरच्यांची फरफट चालूच राहणार. त्यातल्या दोघांनी तर औषधच सोडलं होतं. बोलावं तर नोकरीवर गदा. दुपारी ताई उठून नकाशापाशी गेल्या.

"तो पत्ता माझा आहे," शेवटी त्या म्हणाल्या आणि भावाचं तेवढं सोडून सगळं सांगून टाकलं.

त्यानं कपाळावर हात मारला. "काय हो हे! वर कळवावं लागेल मला."

"खुशाल कळवा. पण आधी त्या रुग्णांना इथं न्या." ताईंनी नकाशातल्या खाणीवर बोट ठेवलं. "घर विचारू नका. नुसती वस्ती सांगितली, तरी पुष्कळ झालं."

"म्हणजे तुमच्या घरचे एकेचाळीसच्या एकेचाळीस खोटे. सगळे हलवतो."

हो म्हटलं असतं, तर भाऊ यातून सुटला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता. परक्यांसाठी खोटं लिहिताना त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं, आज मात्र खोटं बोलवेना. तोही खोट्यात काढला, तर रोज समोर जेवायला बसतो तो कोण?

"चाळीस हलवा," ताई म्हणाल्या. "एक राहू द्या. तो घरीच असतो."