मॅडम मागे बसल्या तो दिवस

तलासरीत बचत गटाच्या बायकांना सभेत कसं बोलायचं ते मी शिकवते, हे माझ्या माहेरी गंजाडला अजून कुणाला खरं वाटत नाही. शाळेत नुसती हजेरी द्यायची म्हटली तरी माझी दातखिळी बसायची. मला बोलायला शिकवलं ते आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी, आणि तेही शिकवते आहे असं एकदाही न म्हणता.

माझं सासर सायवनकडच्या एका पाड्यावर. मॅडम किनाऱ्याकडच्या, चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातल्या. घरी गुजराती, दवाखान्यात मराठी. बाळाच्या खाण्यापिण्याचं सांगायला त्या पाड्यावर यायच्या तेव्हा वयस्कर बायकांना त्यांचं बोलणं निम्मंच कळायचं. मी बारावी झालेली नवी सून, म्हणून मला त्यांच्या शेजारी उभं केलं. त्या मराठीत बोलायच्या, मी ते आमच्या बोलीत सांगायचे.

पहिल्या दिवशी मी सगळं मॅडमच्या तोंडाकडे बघून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे ते." मग मी बायकांकडे बघायला लागले. मॅडमचं वाक्य लांबलं की माझ्याकडून शेवट निसटायचा. भीत भीत तसं सांगितलं, तर पुढच्या खेपेपासून त्या एकेक गोष्ट तोडून सांगू लागल्या. आणि त्या बोलत असताना मला काहीच काम नसे, म्हणून मी चेहरे बघत बसायचे. कोण उगाच मान हलवतंय आणि कुणाला खरंच पटलंय, ते हळूहळू कळायला लागलं. प्रशिक्षणाच्या कागदावर या सगळ्याला मोठमोठी नावं आहेत. आता मीही ती ऐटीत फेकते.

माझी मुलगी अंगणवाडीत जायला लागली आणि त्याच सुमारास पाड्यावरची अंगणवाडी बंद करून गावातल्या अंगणवाडीत मिळवायचं घाटू लागलं. मध्ये ओहोळ. पावसाळ्यात त्यातून एवढाल्या पोरांना कोण नेणार, आणि आया भात लावायला गेल्यावर पोरं कुणाच्या भरवशावर राहणार? ग्रामसभेला तालुक्याहून साहेब येणार होते. पाड्याने मला बोलायला पुढे केलं. मी मॅडमना म्हटलं, या वेळी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा. त्या म्हणाल्या, येईन, पण मागे बसेन. "मी शेजारी असले तर साहेब माझ्याशी बोलतील."

उभी राहिले आणि येत होती नव्हती ती सगळी पुस्तकी मराठी एका दमात ओतली. महोदय, निवेदन, गैरसोय. साहेब मोबाइलमध्ये बघत होते. मी मागे पाहिलं, मॅडम जागच्या हलल्या नाहीत. राग आला मला, खोटं कशाला सांगू. आता काय बोलावं ते सुचेना, तेव्हा अंगवळणी पडलेलं तेवढंच केलं. साहेबांना मराठीत एकच वाक्य सांगितलं, "ओहोळाला पाणी आलं की आमची पोरं अंगणवाडीत पोचणार नाहीत." थांबले. मग बायकांकडे वळून तेच आमच्या बोलीत सांगितलं. बायकांमधून हुंकार उठला आणि साहेबांनी मान वर केली. पुढचं वाक्य साहेबांना, मग बायकांना. माझा आवाज आपोआप खाली आला.

साहेबांनी विचारलं, एवढं पाणी खरंच येतं का? मी तोंड उघडणार, तोच माझी चुलतसासू उठली. सभेत कायम पदर तोंडावर घेऊन बसणारी बाई. "तू बस गो, मी सांगते," म्हणाली. बाजारात वापरायच्या मोडक्यातोडक्या मराठीत तिने सांगितलं, की मागच्या पावसात ओहोळ उतरताना नातू कडेवरून निसटला आणि त्याचा सदरा हाताला लागला म्हणून तो आज आहे. एवढं बोलून ती उभीच राहिली. मोबाइल कधीच साहेबांच्या खिशात गेला होता.

अंगणवाडी पाड्यावरच राहिली. पण ते ठरलं पुढे. त्या क्षणी मी खाली बसले होते, तिच्या एकाही शब्दाला माझी गरज पडली नव्हती, आणि मला इतका आनंद झाला होता की रडू आलं. मला एकटीला पुढे सोडून मॅडम मागे बसल्या त्यात किती माया होती, ते मला तिथे, सभेच्या सतरंजीवर बसून कळलं.