शब्दामागे वीस टक्के

कंप्युटरवाल्याला किस्से जमवावे लागत नाहीत हो, कीबोर्डमधल्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. इंटरनेट नुकतंच आलं होतं, तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या एका सायबर कॅफेत ऑपरेटर होतो. लोक तोंडाने सांगायचे, मी वेबसाइटवरचे फॉर्म भरायचो.

या फॉर्मची एक खोड. दोन शब्दांमधली मोकळी जागा त्याला तशीच पाठवता येत नाही, तिथे तो %20 लिहितो. पलीकडच्या प्रोग्रामने ते काढून पुन्हा मोकळी जागा करायची. तो प्रोग्राम अर्धवट असला, की झाला आमचा किस्सा!

साडीवाले जयंतीभाई एकदा स्क्रीन बघून ओरडलेच. “silk%20saree? अरे, वीस टका डिस्काउंट कोणे आप्युं?”

मी अर्धा तास समजावलं, डिस्काउंट कुणी दिलेला नाही, ती नुसती मोकळी जागा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक छे, पण दस कर ने, भाई!”

त्यांच्याच दुकानाचं नाव ‘जयंती & सन्स’. फॉर्मला & दिसला, की त्याला वाटतं हा रकाना संपला. पलीकडे पोचलं नुसतं ‘जयंती’. थोरला मुलगा बाजूलाच उभा होता. म्हणाला, “पप्पा, सन्स को तो निकाल ही दिया!”

आम्ही सगळे खो खो हसलो. जयंतीभाई हसले नाहीत. धाकटा नुकताच भांडून घराबाहेर पडला होता, हे मला नंतर कळलं.

प्लसचं तर विचारूच नका. तो दिसला, की पलीकडे त्याचीच मोकळी जागा व्हायची. अमरावतीकडच्या एका गवंड्याने लग्नाच्या वेबसाइटवर मुलीचं स्थळ घातलं, रक्तगट B+. पोचला नुसता B. मुलाचा काका म्हणे, “प्लस लपवला, म्हणजे मायनसच असणार!” स्थळ गेलं. बिचारा बाप मला पुन्हा पुन्हा विचारायचा, “प्लस मी सांगितला होता ना, भाऊ?” सांगितला होता हो त्याने.

आणि आमचे काशिनाथनाना. सुरतेतच कोसाडला राहायचे, कापडाच्या लूमवर कारागीर, आमच्या खान्देशातलेच. मुलगा सुनील जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली. जहाज कंपनीच्या वेबसाइटवर घरच्यांसाठी एक फॉर्म होता. निरोप लिहायचा, उत्तर तिथेच यायचं. पण तो प्रोग्राम अर्धवट. प्रत्येक निरोप %20 सकट दिसायचा.

नानांची बायको, आमच्या मावशी, दवाखान्यात होत्या. त्यांना सुनीलला एकदा बघायचं होतं, एवढं एकच मागणं. नानांनी निरोप सांगितला, मी इंग्रजी अक्षरांत पाठवला: आई आजारी, लवकर ये.

दोन दिवसांनी नाना आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “डॉक्टर म्हणस, वीस टक्के आशा शे.”

मी साइट उघडली. सुनीलचं उत्तर आलं होतं. जहाज बंदराला लागायला अजून वेळ होता, तरी पोराने लिहिलं होतं:

Aai%20mi%20yetoy%20tu%20bari%20ho

मी वाचून दाखवलं, “आई, मी येतोय, तू बरी हो.” नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे यायचे आणि टक्क्याची खूण कळायची. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “वीस. चाळीस. साठ. ऐंशी.” बोट शेवटच्या शब्दापाशी थांबलं. “शंभर व्हयनात ना रे, भो?”

मी म्हटलं, “झाले, नाना.”

त्यांनी त्या पानाचा प्रिंट घेतला आणि तसेच दवाखान्यात गेले. मावशींनी तो उशाखाली ठेवून घेतला म्हणे.

त्यानंतर नाना आले ते डोक्याचे केस उतरवूनच. मी उठून खुर्ची दिली. सुनील अजून जहाजावरच होता. मी फॉर्म उघडला आणि विचारलं, “काय लिहू, नाना?”

नाना खुर्चीत टेकले. मग म्हणाले, “गेली. इतलंच लिख.”

मी लिहिलं, पाठवलं. पाठवलेला निरोप स्क्रीनवर आला:

Geli

नाना पुढे वाकले. त्या शब्दाच्या आधी बघितलं, नंतर बघितलं.

“आते एक बी टक्का नही का रे, भो?”