डब्यातला चौथा गिअर

गॅरेजातले किस्से कोणी गोळा करत नाही. जुने नटबोल्ट कोणी विकत घेत नाही आणि कोणी फेकतही नाही, तरी डबा भरतोच ना? तसंच हे. राजुऱ्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि सुधाकरभाऊंचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे आणि तिलाही मधोमध भोक पाडलेलं आहे. चहा द्यायला! त्या भोकातून कमलाबाईच्या गाडीच्या वेळी जे जे ऐकलं, तेवढं मी माझ्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

सुरुवात एका बोकडानं केली.

कमलाबाई मडावी आमच्या भागात बकऱ्यांना लस टोचत गावोगाव फिरतात. लोक डॉक्टरीणबाई म्हणतात, तर त्या म्हणतात, "मी कायची डॉक्टर? सुईवाली आहो." लहानपणापासून त्यांचा डावा पाय अधू. क्लच दाबता येत नाही, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. त्यात क्लचचं पेडलच नसतं, गिअर गाडीच बदलते. मागची सीट काढून तिथं आजारी बकऱ्या बसायच्या. तर एक दिवस एका बोकडानं पाय पसरून ड्रायव्हर सीटच्या खाली धार सोडली. गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा कॉम्प्युटर नेमका तिथंच होता. गाडी तिसऱ्या गिअरात अडकली ती अडकलीच!

शोरूमवाल्यांनी सांगितलं, "हा पार्ट येणं बंद झालं. गाडी भंगारात द्या."

कमलाबाई गॅरेजात येऊन सुधाकरभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, गाडीचं सगळं चांगलं आहे. फक्त डोस्कं गेलं. डोस्कं गेलं म्हून माणसाले कोनी भंगारात देते का? आमच्या गावात तं सरपंच करतेत!"

*

गाडी बंद म्हणजे कमलाबाईंना भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून जावं लागे. भाचा माणूस चांगला, स्वभावानं गरीब. पण दर पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायला गाडी थांबवायचा. "आत्याबाई, पाच मिंटं!" लसीच्या पेटीत बर्फ असतो.

"बर्फाचं पानी होऊन जाते भाऊ, पन याचा खर्रा घोटनं होत नाई," कमलाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मले कोनाच्या मागं बसून जायाचं नाई. तुमाले जमते का तेवढं सांगा."

सुधाकरभाऊंनी आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही. म्हणूनच त्यांच्या गॅरेजात कायम गर्दी असते आणि एकही गाडी तयार नसते.

"जमते," ते म्हणाले. आणि त्या गेल्यावर भोकातून मला म्हणाले, "मोरेश्वरले बलाव."

*

मोरेश्वर म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा लाईटवाला. हिवाळाभर वडश्याला नाटक कंपनीसोबत आणि बाकीचं वर्ष राजुऱ्यात टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर. त्यानं गाडीखाली वाकून पाह्यलं आणि म्हणाला, "यात काय आहे? गिअरबॉक्सात कॉइला आहेत. कोनत्या गिअरले कोनत्या कॉइलीले करंट द्याचा, एवढंच ना? नाटकात मी एका हातानं याच्याहून जास्त बत्त्या सांभाळतो."

त्यानं हाताच्या पंजाएवढं एक सर्किट मागवलं आणि लॅपटॉप जोडून त्याला शिकवायला बसला. सुधाकरभाऊंनी तिथंच खडूनं फरशीवर रेघ ओढली. "तेल माहं, करंट तुहा. माह्या तेलात हात घालशीन तं पाह्यजो!"

मोरेश्वरनं तेलात हात घातला नाही. त्यानं जे केलं ते वायरीतूनच केलं.

त्याचं असं झालं, की गिअर पडताना आत तेलाचा दाब झटक्यात यावा लागतो. मोरेश्वरनं दाबाच्या कॉइलसाठी नाटकातलाच प्रोग्राम वापरला. लाईट कसा हळूहळू वाढतो, तसा दाब हळूहळू वाढायला लागला. गाडीनं गुरगुर केली, जागच्या जागी थरथरली आणि मग गॅरेजभर जळका वास सुटला. गिअरबॉक्सच्या आत ज्या क्लचच्या प्लेटा असतात, त्या भाजून निघाल्या होत्या.

सुधाकरभाऊंनी चावी फिरवून गाडी बंद केली. मग म्हणाले, "अरे, गिअर पाडून राह्यला का हिरोईनची एन्ट्री करून राह्यला?"

मोरेश्वर म्हणाला, "मले वाटलं, बाईची गाडी आहे, तं जरा..."

नवीन प्लेटा माझ्या दुकानातून गेल्या.

*

पहिल्यांदा रस्त्यावर निघालो तेव्हा गडचांदूरचा रस्ता धरला. चालवायला सुधाकरभाऊ, बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन मोरेश्वर, मागं बकऱ्यांच्या जागी मी. हातात चहाचा ग्लास, कारण मला कोणी पूर्वकल्पना दिली नव्हती.

गाडी उठता उठेना. सायकलवाले पुढं जात होते. मग कशीबशी पळायला लागली, जरा बरं वाटलं आणि तेवढ्यात कोणीतरी मागून शेपूट धरून ओढावी तशी गाडी जागेवर बसली. इंजिन बोंबललं. चहा माझ्या अंगावर, लॅपटॉप मोरेश्वरच्या नाकावर, आणि मागून सिमेंटच्या ट्रकचा हॉर्न!

दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. पहिल्याच्या जागी तिसरा पडत होता आणि तिसऱ्याच्या जागी पहिला.

मोरेश्वर नाक चोळत म्हणाला, "पन दुसरा तं बरोबर पडला ना?"

*

वायरी सुलट झाल्या. गाडी रिकामी छान चालायला लागली. कमलाबाई म्हणाल्या, "रिकामी चालवून मी करू काय? बकऱ्या भरून पाहा." बरोबरच होतं. वजन वाढलं की गिअर कधी बदलायचा हे बदलतं. सुधाकरभाऊंच्या साळ्याच्या बकऱ्या आणल्या. मोरेश्वर त्याला रंगीत तालीम म्हणायचा.

तालमीत एका बकरीनं स्पीड सेन्सरची वायर खाल्ली. दुसरीनं तेच केलं, जे बोकडानं केलं होतं. सर्किट वाचलं, कारण तेव्हा ते मोरेश्वरनं हातात उंच धरलं होतं. मोरेश्वर वाचला नाही.

तेव्हा ठरलं, की सर्किट वर बसवायचं, आतून छताला, आरशाच्या बाजूला. आणि असल्या डब्यात, ज्यात पाणी जाणार नाही, धूळ जाणार नाही, बकरीचं तोंड जाणार नाही. सुधाकरभाऊंनी मोठ्या मनानं स्वतःचा जेवणाचा स्टीलचा डबा दिला. वरून घट्ट कडी लागणारा! मोरेश्वरनं त्याला भोकं पाडली, रंगीबेरंगी वायरी बाहेर काढल्या आणि समोर एक लुकलुकणारा लाल दिवा बसवला.

"लाल काऊन रे? हिरवा नोयता का?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

"हिरवे सगळे वडश्याले आहेत. लुकलुक करून राह्यला म्हंजे सगळं ठीक चालू आहे, असं समजाचं."

आम्ही तिघांनी दारातून वाकून त्या डब्याकडे कौतुकानं पाह्यलं. सुंदर काम झालं होतं. पुढं गडचिरोली जिल्ह्याच्या रस्त्यावर स्टीलचा डबा, त्यातून निघालेल्या वायरी आणि लाल दिवा, हे कसं दिसेल ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

*

आता राह्यला होता चौथा गिअर. तो पडतच नव्हता. दोष कोणाचा यावर खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी वाद. मोरेश्वर म्हणे तेलात, सुधाकरभाऊ म्हणत करंटात.

खरं कारण मला मागून दिसत होतं. चौथा पडायला गाडीला वेग लागतो. गाडी आता कमलाबाई चालवायच्या, पण बाजूला मोरेश्वर. जरा वेग घेतला की तो ओरडायचा, "हळू बाई, हळू! मी रीडिंग घेऊन राह्यलो!"

सुधाकरभाऊ मागं डोळे मिटून बसायचे. त्यांना आवाजावरून गिअर कळतो. "पयला... दुसरा... तिसरा..." आणि मग उसासा.

एक दिवस कमलाबाईंनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाल्या, "भाच्याच्या मागं बसे तं त्याची पाठ दिसे. आता बाजूले मोरेश्वर बसते तं त्याचं तोंड दिसते. मंग मले फायदा काय झाला?"

मोरेश्वरनं लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानं पुन्हा उघडला.

*

आणि मग वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावातून बाईंना निरोप आला, की बकऱ्या पटापट मरून राह्यल्या, लस घेऊन या. भाचा कुठंतरी लग्नाला गेलेला. कमलाबाई बर्फाची पेटी घेऊन गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "मी जाऊन राह्यली." मोरेश्वर लगेच लॅपटॉप घेऊन बाजूला बसला. मग सुधाकरभाऊ बसले. मग मी दुकान बंद केलं.

पूल ओलांडला, जंगल लागलं आणि नक्षल बंदोबस्ताच्या एका नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. जवानानं आत डोकं घालून विचारलं, "डब्यात काय आहे?"

सुधाकरभाऊंनी खरं तेच सांगितलं. "आधी माही भाजी राहे, साहेब."

जवानाची नजर लाल दिव्यावर गेली. तो एक पाऊल मागं सरकला. त्याला धीर द्यावा म्हणून मोरेश्वर म्हणाला, "घाबरू नोका साहेब! लुकलुक करून राह्यला म्हंजे सगळं ठीक चालू आहे!"

पुढच्या क्षणाला आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला पालथे होतो. कमलाबाई म्हणाल्या, "मी बी उतरते, पन मले वेळ लागते." त्यांना पुलियावर, म्हणजे रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर, बसवलं.

मोठे साहेब आले. दुसऱ्या एका जवानानं बाईंना ओळखलं. "साहेब, ह्या बकऱ्यायच्या बाई आहेत. आमच्या घरी बी सुई द्याले येतेत." तरी साहेब म्हणाले, "बॉम्ब तपासणीवाले बोलवावे लागतील. संध्याकाळ होईल."

"संध्याकाळपर्यंत बर्फाचं पानी होते, साहेब," कमलाबाई म्हणाल्या. "मंग सुई देली काय अन् नाई देली काय! तिकडे बकऱ्या मरून राह्यल्या."

"मग हे गिअरचं आहे, हे मी कसं मानू?"

मोरेश्वर पालथ्यानंच म्हणाला, "लॅपटॉप उघडून दाखवू का?"

"हात लावायचा नाही!"

"चालवून दाखवते," कमलाबाई म्हणाल्या.

साहेबांनी विचार केला. सगळ्यांना लांब केलं. "एकट्यानं बसायचं. त्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं." मोरेश्वर सवयीनं उठला. "तू नाही! बनवणारा इथंच!"

कमलाबाईंनी पाय आत घेतला, दार लावलं, आरसा नीट केला. लसीची पेटी मागं तशीच होती आणि डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. गाडी निघाली.

सुधाकरभाऊंनी डोळे मिटले. "पयला," ते म्हणाले. "दुसरा."

गाडी लहान होत गेली. "तिसरा."

वळण आलं. ब्रेकचा दिवा काही लागला नाही. गाडी सागाच्या झाडांमागं गेली आणि दिसेनाशी झाली.

साहेब आमच्याकडे वळले. "वळणापर्यंत सांगितलं होतं ना? कुठं गेल्या त्या?"

सुधाकरभाऊंनी बोट वर करून साहेबांना गप्प राहायला सांगितलं. सगळा नाका गप्प झाला. जंगलातून आवाज बारीक बारीक होत येत होता. मग तो जरा खाली बसला आणि एकसारखा झाला.

सुधाकरभाऊंनी डोळे उघडले.

"चौथा पडला, साहेब."