काकाच्या आवाजात बोलावलेली पंगत

जात अन् अध्यात्म असं वाचलं का तुम्ही आधीच तोंड गंभीर करून बसता. तुमाले वाटते, आता हा पोट्टा डोळ्यात पाणी आणन, आखरीले हात जोडन. तसं काई नाई, तोंड सैल सोडा. हे गोष्ट बुंदीची आहे.

आमचं गाव नाचणगावच्या थोडं पुढं. मारुतीच्या देवळात सप्ताह बसते अन् काल्याच्या दिवशी महाप्रसाद. कीर्तन करणारे काका म्हणजे किराणा दुकानवाले. दरवर्षी ते सांगत, कुंभार एक, माती एक, मंग मडक्यामडक्यात भेद काऊन करता बाबू? लोकं माना डोलवत. मंग तेच काका त्याच माइकवरून जेवाले बोलावत, एकेक मोहल्ला करून. आमचा बौद्ध मोहल्ला आखरी. कोणी भांडून ठरवलं नोतं, पयलेपासून तसंच चालू होतं. आम्ही पोट्टे जात होतो, बुंदी कोणाले नको? आई मात्र कधीच गेली नाई. घरी चूल आहे, एवढंच म्हणे. मले लय वाटे, तिनं एकदा तरी त्या पंगतीत बसावं.

मी नकला करतो. म्हशीपासून मास्तरपर्यंत समद्यायच्या. काकाची तं अशी जमे का एकदा त्यायची बायको आतून "आली जी" म्हणत धावत दुकानात आली.

त्या वर्षी काकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बोलणं बंद केलतं. पण त्यायच्या आवाजाशिवाय गाव जेवाले उठत नोतं. काल्याच्या दिवशी त्यायनं मले इशाऱ्यानं बोलावलं, माइक हातात देल्ला अन् स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. आमच्या मोहल्ल्याचा पोट्टा देवळाच्या माइकवर पाहून मांगून कोणीतरी खाकरलं. काकानं तिकडे नुसतं पाह्यलं.

काकाची गाडी त्या कीर्तनातल्या कुंभारापासूनच सुटे, म्हणून मीही काकाच्या आवाजात तिथूनच सोडली. आता नकलेत नुसता गळा चालत नाई. तो माणूस जे बोलते, ते तेवढा वेळ खरं मानावं लागते. मी खरं मानून बसलो. पुढं मोहल्ल्याचे नंबर लावाले गेलो तं जीभच वळेना. तोंडातून निघालं, "समदे एकदम या बाबू. कोणी मांगं राहू नका."

अन् लोकं आले न. काकाचा आवाज म्हणजे हुकूमच. एकाच सतरंजीवर समदे गुडघ्याले गुडघा लावून बसले. बुंदी कमी पडून राह्यली तं अर्धी अर्धी वाढली. मंडळाचे अध्यक्ष तावातावात काकाकडे गेले, हे कोणी ठरवलं म्हणून. काकानं डॉक्टरचं ऐकलं नाई. घोगऱ्या गळ्यानं म्हणाले, "आवाज माहा होता न? मंग मीच बोललो."

त्या वाक्याचे उपकार मी अजून मानतो. मी वाचलो ते तं झालंच, पण कीर्तनातली माती त्या दिवशी पत्रावळीपर्यंत आली.

अन् आई आलती. पंगतीच्या मधात बसली, पत्रावळीत शीत ठेवलं नाई. मी खुशीत घरी गेलो. वाटलं, आता पाठ थोपटन.

"तुले का वाटलं, मी ओळखलं नाई?" आई म्हणे. "दुसऱ्याच्या गळ्यातून मायले जेवाले बोलावतं? लाज नाई वाटत? पुढच्या वर्षी तुह्या सोताच्या आवाजात बोलाव. गाव उठते का नाई, पाहू. अन् हात धुजो आधी. बुंदीचे चिकट हात गादीले लावून राह्यला."